औषध संपले, पण बोट सरळ का झाले नाही?

आमचे एक मामा पूर्णा तालुक्यातील एका खेड्यात सालगडी होते. त्यांच्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, रुपयाएवढा एक फिकट चट्टा होता. तो दुखत नव्हता, खाजत नव्हता. त्यामुळे घरात कोणी त्याकडे लक्ष दिले नाही. मी दहावीत असताना, म्हणजे १९९६ च्या सुमारास, मामांनी चुलीवरचे जर्मनचे पातेले नुसत्या हाताने उतरवले. कातडी जळाल्याचा वास आला आणि मामी ओरडल्या, तेव्हा कुठे मामांनी हात बाजूला घेतला. त्यांना चटका लागलाच नव्हता! पुढे काही महिन्यांत त्यांची करंगळी आणि शेजारचे बोट आत वळू लागले. कोणी म्हणाले वारं गेलं, कोणी म्हणाले करणी. शेवटी गावात आलेल्या आरोग्य सेवकाने चट्टा पाहून तपासणीला पाठवले आणि कुष्ठरोग असल्याचे निदान झाले.

मामांनी गोळ्या नियमाने घेतल्या. एक दिवस चुकवला नाही. कोर्स पूर्ण झाल्यावर त्यांना 'तुम्ही बरे झालात' असे सांगण्यात आले. त्या दिवशी त्यांनी आपला हात माझ्यासमोर धरला आणि विचारले, "तू शिकलेला हाइस ना? मग सांग, औषध संपलं, रोग गेला म्हणतेत, तर बोट काहून सरळ होईना?"

मला उत्तर देता आले नाही. पुढे मी कला शाखेचा पदवीधर झालो, बँकेत कारकून म्हणून लागलो, पण तो प्रश्न मनात राहिला. या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो. मी डॉक्टर नाही. तरी एका सामान्य माणसाला जेवढे समजले तेवढे सभासद बंधू-भगिनींसमोर आणि विद्यार्थी मित्रांसमोर ठेवावे, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

मज्जातंतू म्हणजे काय?

कोपर भिंतीवर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, हा अनुभव सर्वांनाच आहे. तिथे हाडाला लागून, कातडीच्या अगदी जवळून एक मज्जातंतू जातो. करंगळी व तिच्या शेजारच्या बोटाची संवेदना आणि हाताच्या पंजातील बऱ्याच लहान स्नायूंची हालचाल त्याच्यावर अवलंबून असते. मज्जातंतू बाहेरून एक दोरी दिसला तरी त्याच्या आत हजारो बारीक तंतू असतात. प्रत्येक तंतू म्हणजे एकेका चेतापेशीचा लांब हात होय. ती पेशी स्वतः पाठीच्या कण्यात किंवा कण्याच्या शेजारी असते आणि तिचा हात थेट बोटाच्या टोकापर्यंत पोहोचलेला असतो.

या तंतूंना सांभाळणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. त्यांना श्वान पेशी म्हणतात. येथे श्वान म्हणजे कुत्रा नव्हे. थिओडोर श्वान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञावरून हे नाव पडले आहे. श्वान पेशी तंतूभोवती वेढे घालून त्याला आवरण देतात. कुष्ठरोगाचा जंतू, जो नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ साली शोधला, तो नेमका याच श्वान पेशींत जाऊन बसतो. त्याला शरीरातील थंड जागा आवडतात. त्यामुळे कातडी, कानाच्या पाळ्या आणि कोपर, गुडघा, घोटा यांच्याजवळून वरवर जाणारे मज्जातंतू हे त्याचे आवडते ठिकाण. मामांचा चट्टा आणि वळलेली करंगळी यांचा संबंध असा आहे.

बेडकाने दिलेले पहिले उत्तर

तुटलेला किंवा मेलेला मज्जातंतू पुन्हा वाढतो का? या प्रश्नाचे पहिले पद्धतशीर उत्तर बेडकापासून मिळाले. १८५० साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेकडे जाणारे मज्जातंतू कापून पुढे काय होते ते पाहिले. कापलेल्या जागेच्या पलीकडचा, म्हणजे मूळ पेशीपासून तुटलेला भाग हळूहळू मोडून विरघळत गेला. मुळाकडचा भाग मात्र टिकून राहिला. पुढे स्पेनचे रामोन इ काहाल यांनी तंतूच्या वाढत्या टोकाचे चित्रच जगापुढे ठेवले. त्यांना १९०६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तुटलेल्या तंतूला मुळाकडून नवा कोंब फुटतो आणि तो पुढची वाट शोधत जातो, हे त्यांनी दाखवले.

ही वाट कोणती? तंतू मेला तरी श्वान पेशी आणि तिच्याभोवतीची पातळ नळी काही काळ शिल्लक असते. आपल्याकडे जायकवाडीच्या कालव्याचे पाणी शेतात चारीतून येते. पाणी बंद झाले पण चारी शाबूत असली, तर आवर्तन सुटल्यावर पाणी बरोबर आपल्या वावरात येते. चारी ढासळून सपाट झाली, तर वर कितीही पाणी सोडा, ते भलतीकडे पसरते. मज्जातंतूचेही तसेच आहे. कोंब फुटण्याची शक्ती वर आहे. पण खाली चारी टिकली पाहिजे.

चारीचे महत्त्व दाखवणारा आणखी एक प्रयोग आहे. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूचे तंतू तुटले तर सहसा पुन्हा वाढत नाहीत, म्हणून कण्याला मार लागलेला माणूस कायमचा अपंग होतो. १९८१ साली कॅनडातील आग्वायो आणि त्यांच्या सहकाऱ्याने उंदराच्या पायातील मज्जातंतूचा तुकडा त्याच उंदराच्या मज्जारज्जूला जोडला. तेव्हा, जे तंतू वाढत नाहीत असे समजले जाई, तेही या नव्या वाटेने वाढत गेले. याचा अर्थ असा की तंतूमध्ये वाढण्याची ताकद असते, पण सोयीची वाट मिळावी लागते.

आता वेगाचा हिशेब पाहू. आम्हा बँकवाल्यांना हिशेबाची सवय असतेच. माणसाचा मज्जातंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे ४० सेंटीमीटर, म्हणजे ४०० मिलिमीटर. म्हणजे सर्व काही सुरळीत झाले तरी ४०० दिवस, वर्षाहून अधिक काळ लागणार! तोपर्यंत पंजातील स्नायू वाळत जातात आणि चारीही बुजत जाते. वर्ष-दीड वर्ष स्नायूला मज्जातंतूचा निरोप मिळाला नाही, तर नंतर तंतू येऊन पोहोचला तरी तो स्नायू पूर्वीसारखा काम करील याची खात्री राहत नाही. उंदराचा पाय बोटभर लांबीचा, त्यामुळे त्याचा मज्जातंतू काही आठवड्यांत पोहोचतो. उंदरावर यशस्वी झालेले अनेक उपाय माणसावर तोकडे पडतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

झोपण्याच्या खोलीतील प्रयोगशाळा

कोंब कशामुळे फुटतो, या प्रश्नाचा शोध रीता लेव्ही-मोंताल्चिनी या इटालियन महिलेने लावला. विद्यार्थ्यांनी ही हकीकत आवर्जून लक्षात ठेवावी. १९३८ साली इटलीत ज्यू लोकांविरुद्ध वांशिक कायदे झाले आणि ज्यू असल्यामुळे रीताबाईंना विद्यापीठात काम करता येईना. त्यांनी तुरीन येथील घरी, आपल्या झोपण्याच्या खोलीत छोटी प्रयोगशाळा मांडली. साधन काय, तर कोंबडीची अंडी! अंड्यातील वाढत्या पिलाचे मज्जातंतू त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहिल्या. युद्धानंतर त्या अमेरिकेत गेल्या. तेथे मज्जातंतूंना वाढायला लावणारा एक पदार्थ त्यांना सापडला आणि स्टॅन्ली कोहेन यांनी तो वेगळा काढण्याचे काम केले. दोघांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जन्मावरून ज्ञानाची दारे बंद केली जातात तेव्हा एका खोलीत आणि काही अंड्यांवरही केवढे काम होऊ शकते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

या शोधाचा मामांच्या हाताशीही संबंध आहे. हा वाढ-पदार्थ कुष्ठरुग्णांच्या बधिर कातडीत कमी झालेला असतो, असे १९९४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या संशोधनात मुंबईच्या डॉक्टरांचाही सहभाग होता. मग तोच पदार्थ इंजेक्शनने का देत नाहीत? हाता-पायांच्या मज्जातंतूंसाठी असे प्रयत्न झाले, परंतु अपेक्षित यश आले नाही. मात्र डोळ्याच्या पारदर्शक पटलाच्या एका मज्जातंतू-विकारावर या पदार्थाचे थेंब २०१८ साली अमेरिकेत मान्य झाले. अंड्यातील पिलापासून औषधाच्या बाटलीपर्यंत यायला साठ वर्षांहून अधिक काळ लागला!

मुंबईतील काम

कुष्ठरोगाचा जंतू आजही प्रयोगशाळेतील बशीत वाढवता येत नाही. क्षयाचा जंतू वाढतो, कॉलऱ्याचा वाढतो, हा वाढत नाही. त्यामुळे शोधानंतर ८० हून अधिक वर्षे शास्त्रज्ञांचे हात बांधलेले होते. १९६० साली अमेरिकेच्या शेपर्ड यांना तो उंदराच्या तळपायात, म्हणजे थंड जागी, हळूहळू वाढवता आला. तेव्हापासून औषधाची परीक्षा उंदराच्या तळपायावर होऊ लागली. या रोगावरील औषधांच्या अभ्यासात त्या इवल्याशा तळपायांचा फार मोठा वाटा आहे.

आपल्या महाराष्ट्रात हे काम पुढे नेणाऱ्यांमध्ये डॉ. नोशीर अंटिया (१९२२-२००७) यांचे नाव घ्यावे लागेल. ते प्लास्टिक सर्जन. इंग्लंडमध्ये हॅरोल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकून आले आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. ज्या काळी कुष्ठरुग्णाला सर्वसाधारण रुग्णालयात कोणी उभे करीत नसे, त्या काळी त्यांनी कुष्ठरुग्णांचे वाकलेले हात आणि बसलेली नाके शस्त्रक्रियेने दुरुस्त केली. वाकलेली बोटे सरळ करण्यासाठी शाबूत स्नायूचा कंडरा दुसरीकडे वळवून जोडतात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी या शस्त्रक्रियेचा पाया घातला होता. परंतु अंटियांना हे पुरेसे वाटले नाही. हात दुरुस्त करण्यापेक्षा मज्जातंतू मुळात का मरतो हे शोधले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. त्यासाठी त्यांनी मुंबईत 'फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च' ही संस्था काढली. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या संस्थेत वनजा शेट्टी आणि इतर संशोधकांनी रुग्णांच्या व उंदरांच्या मज्जातंतूंचे बारीक काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. उंदरांच्या चेतापेशी आणि श्वान पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांत जंतू सोडला आणि तो काय करतो ते तपासले. जे. जे. रुग्णालयातच मज्जासंस्थेच्या विकृतींचे अभ्यासक डॉ. दराब दस्तूर हेही याच प्रश्नावर काम करीत होते. या सर्वांच्या कामातून एक गोष्ट स्पष्ट झाली. कुष्ठरुग्णाच्या मज्जातंतूत झिजणारे तंतू असतात, तसेच त्यांच्या शेजारी नव्याने फुटू पाहणारे बारीक तंतूही असतात. म्हणजे शरीर हार मानून बसलेले नसते. एकीकडे मोडतोड आणि दुसरीकडे दुरुस्ती, अशी ही झुंज चालू असते. मोडतोड वेळीच थांबवली तर दुरुस्तीला वाव मिळतो.

वाट बुजली असेल तर नवी वाट देता येईल काय, हाही प्रयत्न झाला. स्नायूचा तुकडा गोठवून वितळवला की त्यातील पेशी मरतात, पण रिकाम्या नळ्या उरतात. या नळ्यांतून मज्जातंतू वाढतो हे आधी उंदरांवर दिसले होते. १९९१ साली डॉ. पालंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाच्याच शरीरातील स्नायू वापरून कुष्ठरुग्णांच्या पायाच्या मज्जातंतूवर हा उपाय केला आणि काही रुग्णांच्या तळपायात जाणीव परत आल्याचे प्रसिद्ध केले. हा सरसकट उपाय झालेला नाही. पण 'मेलेली जाणीव कधीच परत येत नाही' ही समजूत त्याने डळमळीत केली.

आर्माडिलो आणि झेब्रा मासा

अमेरिकेत आर्माडिलो नावाचा खवल्यांच्या कवचाचा प्राणी असतो. त्याचे शरीर माणसापेक्षा थंड असते. १९७१ साली कर्कहायमर आणि स्टॉर्स यांनी त्याच्यात कुष्ठरोगाचा जंतू वाढवून दाखवला. या प्राण्याचे मज्जातंतूही माणसासारखेच बिघडतात, म्हणून तो अभ्यासाला मोलाचा ठरला. २०१३ साली एडिंबरा येथील अनुरा रंबुक्काना यांच्या गटाने उंदराच्या पेशींवर एक आश्चर्यकारक गोष्ट दाखवली. हा जंतू श्वान पेशीला तिचे काम विसरायला लावतो आणि तिला बाल्यावस्थेतील, कोणतेही रूप घेऊ शकणाऱ्या पेशीसारखी करून टाकतो. २०२२ साली त्याच गटाला आर्माडिलोमध्ये आढळले की जंतू शिरला की त्याचे यकृत व्रण न पडता निरोगी रीतीने वाढते. शरीराला नवे करण्याची किल्ली या जंतूने आपल्या स्वार्थासाठी हस्तगत केली आहे. ती किल्ली माणसाच्या हाती यावी, यासाठी आता प्रयत्न चालू आहेत.

मामांच्या प्रश्नाला सर्वांत थेट भिडणारा प्रयोग एका माशावर झाला. झेब्रा मासा हा आपल्याच भारतीय उपखंडातील ओढ्या-तळ्यांतला, बोटाच्या पेराएवढा मासा. त्याचे पिल्लू पारदर्शक असते, त्यामुळे जिवंतपणीच आत काय चालले आहे ते दिसते. बडोद्यात वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या आणि पुढे केंब्रिजला काम करणाऱ्या डॉ. ललिता रामकृष्णन, तसेच क्रेसिडा मॅडिगन व सहकारी यांनी २०१७ साली या पिल्लांत कुष्ठरोगाचा जंतू सोडला. मज्जातंतूचे नुकसान जंतूने एकट्याने केले नाही. जंतू गिळायला धावून आलेल्या शरीराच्याच रक्षक पेशींनी जो मारा केला, त्यात शेजारचा मज्जातंतू होरपळला. दंगलीत पोलिसांच्याच लाठीने वाटसरू जखमी व्हावा, तसा हा प्रकार!

म्हणजे जंतू मारणे हे एक काम आणि मज्जातंतू वाचवणे हे दुसरे काम. पहिले काम गोळ्या करतात. दुसऱ्यासाठी शरीराचा हा मारा आवरावा लागतो. हात-पाय नुकताच बधिर किंवा अशक्त झाला असेल, साधारण सहा महिन्यांच्या आत, तर डॉक्टर स्टिरॉइड गोळ्या देऊन सूज उतरवतात आणि पुष्कळांचा मज्जातंतू सावरतो. उशीर झाला की फायदा कमी होत जातो.

मुक्या जीवांचे ऋण

येथे आपल्यासारख्यांच्या मनात एक प्रश्न येणारच. पहिले शीलच प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. मग बेडूक, उंदीर, मासे यांच्या जिवावर मिळालेले ज्ञान आपण आनंदाने कसे स्वीकारावे? मला याचे सोपे उत्तर सापडलेले नाही. मी एवढेच म्हणेन की हे प्रयोग मनमानी होऊ नयेत. आपल्या देशात १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्यानुसार अशा प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे. १९५९ साली रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन नियम सांगितले : शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग वापरा, प्राण्यांची संख्या कमी करा, आणि त्यांच्या वेदना कमी करा. ज्या प्राण्यांनी हे ज्ञान दिले त्यांचे ऋण आपल्यावर आहे. आणि ते ज्ञान हाती असूनही आपण माणसाला वेळेवर दवाखान्यात नेले नाही, तर त्यांचे मरण फुकट गेले असे मी समजतो.

'उदान' या पाली ग्रंथात राजगृहातील सुप्पबुद्ध नावाच्या गरीब कुष्ठरोग्याची कथा आहे. गर्दी दिसली म्हणून काही खायला मिळेल या आशेने तो आला. तेथे भगवान बुद्ध उपदेश करीत होते. त्या साऱ्या सभेत धम्म समजण्यास योग्य असा तोच त्यांना दिसला. आपण मात्र आजही अशा माणसाला सभेच्या कडेला बसवतो.

मी स्वतः काही वेगळा नव्हतो. नोकरीच्या सुरुवातीला निराधार योजनेचे पैसे घ्यायला एक आजी काउंटरवर येत. त्यांची बोटे झडलेली होती. अंगठा घेताना मी शाईचा पॅड पट्टीने पुढे सरकवायचो. हात लागू नये म्हणून! ज्याच्या मामांनी त्याच रोगाचे औषध घेतले, त्या माणसाने हे केले. आजी काही बोलल्या नाहीत. एकदा मात्र त्यांनी पट्टीकडे पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले. त्या नजरेची मला आजही लाज वाटते. पुढे अंगठ्याचे मशीन आले आणि अशा बोटांचा ठसा मशीनही घेईना. आता मी स्वतः उठून हात धरतो, ठसा नाहीच उमटला तर दुसरी पद्धत वापरून काम करून देतो.

मामांना द्यायचे उत्तर

मामा आज हयात नाहीत. असते तर मी सांगितले असते : "मामा, औषधानं जंतू मेला, तुमचा रोग खरंच गेला. पण मधल्या काळात हाताची चारी बुजली. ती उकरायचं औषध अजून बनतंय."

२००५ च्या अखेरीस भारताने राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे जाहीर केले. त्याचा अर्थ रुग्ण संपले असा नव्हता. २०२३ साली जगात १ लाख ८२ हजारांवर नवे रुग्ण नोंदले गेले, त्यांपैकी १ लाख ७ हजारांवर एकट्या भारतात होते. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद २०१९ साली कायद्यातून गेली. मनातून जाणे बाकी आहे.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, घरात एवढे करा. आई-वडील, आजी-आजोबा, लहान भावंडे यांच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला तर कापसाचा बोळा हळूच फिरवून पाहा. डोळे मिटून त्यांना तो स्पर्श कळतो का ते विचारा. कळत नसेल, किंवा करंगळीकडच्या बाजूला बधिरपणा असेल, चप्पल पायातून निसटूनही समजत नसेल, तर सरकारी दवाखान्यात न्या. तपासणी आणि औषध मोफत आहे. औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णापासून संसर्ग होत नाही. बहुसंख्य माणसांत या जंतूविरुद्ध निसर्गतःच प्रतिकारशक्ती असते, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. आणि ज्यांचे हात आधीच बधिर झाले आहेत त्यांना गरम भांडे उचलायला फडके द्या आणि रोज रात्री त्यांचे तळहात-तळपाय उजेडात पाहून द्या.

मज्जातंतू दिवसाला एक मिलिमीटर वाढतो. आपण उशीर केलेला प्रत्येक दिवस त्याच्या वाटेतून वजा होतो. मामांच्या चट्ट्याकडे आम्ही दोन वर्षे नुसते पाहत बसलो होतो.